हिरवं अत्तर

रविवार पेठेत आमचं अत्तराचं दुकान आहे. आजोबांनी सुरू केलं, अब्बांनी चालवलं. शाळा सुटली की मी घरी न जाता तिथेच जायची आणि काउंटरच्या मागे स्टुलावर बसून गृहपाठ करायची. घरी आम्ही दखनी बोलतो, पण शाळा माझी मराठी. त्यामुळे काही लिहायला बसले की हाताला मराठीच येते. अब्बांचं बोलणंही मी इथे मराठीतच लिहिते आहे. त्यांची मराठी बाजारात शिकलेली असली तरी माझ्यापेक्षा अदबशीर आहे.

अम्मी गेल्यावर वर्षभर अब्बांनी नवं काही बनवलं नाही. सकाळी दुकान उघडायचे, गिऱ्हाईक मागेल ते द्यायचे, संध्याकाळी कुलूप लावून विश्रांतवाडीला घरी यायचे. गुलाब, मोगरा, खस, हीना, सगळा आयता आलेला माल. दोन-चार तेलं एकत्र करून स्वतःचं असं काही जमवायचं, हा त्यांचा खरा जीव होता, आणि तोच त्यांनी सोडून दिला होता. मी एम.एस्सी. संपवून चाकणच्या पुढे एका कारखान्यात नोकरीला लागले होते. तिथे साबणासाठी आणि अगरबत्तीसाठी वास तयार करतात. मी घरी येऊन दिवसभराच्या गमती सांगायची आणि अब्बा मान हलवायचे. ऐकत नसायचे.

मग एक दिवस मुंबईच्या एका व्यापाऱ्याने नमुना म्हणून त्यांच्या हातात एक छोटी बरणी ठेवली. ओकमॉस. युरोपात ओक नावाची झाडं असतात, त्यांच्या फांद्यांवर ते वाढतं. नावात मॉस असलं तरी ते शेवाळ नव्हे. आपल्या गोड्या मसाल्यात दगडफूल घालतात ना, त्याच्या भावकीतलं. वाळवून, धुऊन, अर्क काढला की डांबरासारखा घट्ट, हिरवट काळा लगदा हाताला लागतो. अब्बांनी बरणीचं झाकण काढलं तेव्हा मी समोर होते. ओल्या लाकडाच्या वखारीत कुणीतरी शाईची दौत सांडली असावी, तसा वास आला. मला तो मुळीच आवडला नाही. अब्बांनी मात्र कागदाची पट्टी त्यात बुडवली, नाकाशी धरली आणि बराच वेळ डोळे मिटून बसले.

"बाकीचे वास उडतात," ते म्हणाले. "हा बसतो. आणि बसताना शेजारच्यालाही धरून बसवतो."

त्यानंतर तीन आठवडे ते माझे जुने अब्बा होते. चंदन, थोडा गुलाब, खस, आणि त्या बरणीतला लगदा गरम पाण्यावर सैल करून. दुपारचा डबा तसाच परत यायचा. रोज संध्याकाळी माझ्या मनगटाला काचेची काडी लावून विचारायचे, "आज?" मी काही सांगितलं की चिडायचे, आणि दुसऱ्या दिवशी तेच करायचे. शेवटी जमलं. प्रमाण मीच त्यांच्या वहीत लिहून ठेवलं, कारण त्यांना लिहायचा कंटाळा. त्या अत्तराला नाव काही दिलं नाही. गिऱ्हाइकं म्हणायची, "ते हिरवं द्या." सहा महिन्यांत दुकानात दुसरं काही मागायलाच कुणी येईना.

बाई त्या हिरव्याच्या अगदी पहिल्या गिऱ्हाइकांपैकी. बाई म्हणजे माझ्या शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षिका. आठवी ते दहावी, तीन वर्षं त्यांनी मला शिकवलं. मी रसायनशास्त्र घेतलं ते त्यांच्यामुळे. निवृत्त झाल्यावर नारायण पेठेत एकट्याच राहायच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा परदेशी. बोलायला एकदम फटकळ. एकदा वर्गात एका मुलीने विचारलं होतं, "बाई, हे परीक्षेला आहे का?" तर म्हणाल्या, "नाही. हे आयुष्याला आहे, म्हणून तू लिहून घेऊ नकोस." अशा बाई दुकानात आल्या की अब्बा उठून उभे राहायचे. "बाई, आपण बसा." बाई बसायच्या नाहीत. मनगट पुढे करायच्या, वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "ठीक आहे. फार गोड नाही. गोड वास मला शंकास्पद वाटतात."

त्या हिरवं अत्तर मानेच्या दोन्ही बाजूंना आणि मनगटांवर लावायच्या. रोज. आंघोळीनंतर, देवपूजेच्या आधी.

वर्ष-दीड वर्षाने एका उन्हाळ्यात त्या आल्या तेव्हा गळ्याभोवती सुती ओढणी होती. बाईंच्या अंगावर मी साडीशिवाय काही पाहिलं नव्हतं, आणि साडीवर ओढणी म्हणजे विचारायलाच हवं होतं. विचारलं.

"पुरळ उठलंय," त्या म्हणाल्या. "उन्हाचं. म्हातारपणी अंगाला सगळं नवीन सुचतं."

ओढणी जरा सरकवून त्यांनी दाखवलं. कानाखालपासून गळ्याच्या खोलगट भागापर्यंत लाल चट्टा, वर बारीक फोड. मध्येच त्यांची माळ. आईची मोहनमाळ होती ती, त्या कायम घालायच्या. अब्बांनी कोरफडीचा गर लावायला सांगितलं. बाईंनी अत्तराची कुपी घेतली आणि गेल्या.

त्याच पावसाळ्यात कारखान्यात माझ्याकडे एका साबणाचं काम आलं आणि साहेबांनी मला नियमांचा गठ्ठा वाचायला दिला. कुठला पदार्थ अंगाला लागणाऱ्या वस्तूत किती चालतो, याची ती यादी होती. वाचता वाचता ओकमॉस आलं. त्यात दोन घटक असे आहेत, की ते काही लोकांच्या कातडीला सहन होत नाहीत. सगळ्यांच्या नव्हे, काहींच्याच. पण एकदा त्रास सुरू झाला की तो माणूस जन्मभर त्या वासाचा वैरी होतो. म्हणून ओकमॉस अगदी नावापुरतं वापरायचं, आणि आता तर ते दोन घटक काढून टाकलेलंच वापरतात. मी ते पान दोनदा वाचलं. अब्बांच्या अत्तरात किती आहे ते मला तोंडपाठ होतं. चालतं त्याच्या कितीतरी पट. वर अत्तर म्हणजे स्पिरिटमध्ये पातळ केलेलं सेंट नव्हे. तेलच थेट कातडीवर.

बाईंची मान तेव्हाच माझ्या डोळ्यांसमोर आली. आठवडाभर मी गप्प राहिले, मग एका शुक्रवारी जेवताना अब्बांना सांगितलं.

ते म्हणाले, "माझ्या हाताला रोज लागतं. मला काय झालं?"

"सगळ्यांना होत नाही, अब्बा."

"मग कुणाला झालं?"

"मला वाटतं, बाईंना."

ते जेवायचे थांबले. ताटाकडे बघत म्हणाले, "बाई स्वतः म्हणाल्या उन्हाचं आहे. त्या विज्ञानाच्या बाई आहेत." थोड्या वेळाने म्हणाले, "तुझ्या अम्मीनंतर मी ही एकच गोष्ट केली." उठताना म्हणाले, "आहे तेवढी बरणी संपू दे. मग बघू."

बरणी संपली. नवी आली. मी ती दुकानात पाहिली आणि काही बोलले नाही.

आता सांगते ते सांगताना मला सगळ्यात जड जातं. दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. शनिवार होता, मला सुट्टी होती, अब्बा नमाजाला गेले होते आणि मी एकटी काउंटरवर होते. बाई आल्या. या वेळी ओढणी नव्हती. लपवायचा त्यांना कंटाळा आला असावा. मानेवरची कातडी काळवंडून जाड झाली होती, मध्ये ओल्या भेगा. मनगटांवरही तसंच. माळ गळ्यात नव्हती.

"चार महिने वांगं बंद, आंबट बंद, दही बंद," त्या म्हणाल्या. "साबण तीन बदलले. मलमं इतकी लावली की कातडी पातळ झाली म्हणतात. आता सोनार म्हणतो, आईच्या वेळची माळ आहे, जुन्या सोन्यात हीण फार, आटवून शुद्ध सोन्याच्या पाटल्या करून घ्या. हातात घालायला हरकत नाही, गळ्यात मात्र नकोच." त्यांनी पिशवीतून रिकामी कुपी काढून काउंटरवर ठेवली. "ही भर. दिवसातून तेवढंच एक बरं वाटतं. वास घेतला की घटकाभर खाज विसरते."

मी कुपी हातात घेतली.

"तू रसायनवाली," बाई म्हणाल्या. "तुला काय वाटतं? माळेमुळे असेल का?"

तेव्हा सांगता आलं असतं. अब्बा नव्हते, दुकानात दुसरं कुणी नव्हतं. बाई थेट माझ्याकडे बघत होत्या. वर्गात उत्तर येणार हे ठाऊक असलेल्या मुलीकडे बघायच्या, तशाच. माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. अब्बांचा तो चेहरा होता, हे खरं. दुकानाचं नाव जाईल अशी भीती होती, तेही खरं. पण सगळ्यात खरं हे, की पावसाळ्यापासून मी गप्प आहे हे बाईंना कळेल, याची मला लाज वाटत होती. एक दिवस उशीर झाला म्हणून सांगायची लाज वाटते, आणि त्या लाजेने पुढचे महिने जातात.

"असू शकतं, बाई," मी म्हटलं. "सोन्यातल्या हिणाने होतं काहींना."

हे खोटं नव्हतं. काहींना होतं. म्हणूनच ते माझ्या तोंडातून इतक्या सहज आलं.

"मग आटवतेच," बाई म्हणाल्या. मी कुपी भरली, बूच घट्ट बसवलं, कागदात गुंडाळून दिली. त्या रस्त्यावर उतरल्या आणि मोतीचौकाच्या गर्दीत दिसेनाशा झाल्या. मी बोटांना लागलेलं तेल कापसाने पुसत बसले.

त्यानंतर तीन-चार महिने बाई आल्या नाहीत. मला बरं वाटलं, हे लिहायला हवं. मी स्वतःला सांगत होते, बऱ्या झाल्या असतील. अब्बांनी दोनदा विचारलं, "बाई आल्या नाहीत?" आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला.

त्या आल्या त्या दिवशी आम्ही दोघंही दुकानात होतो. अब्बा सवयीने उठून उभे राहिले. "बाई, आपण बसा." आणि बाई बसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

त्यांनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. शेवटी एका मोठ्या त्वचारोगतज्ज्ञाकडे गेल्या होत्या. तिथे पाठीवर छोट्या छोट्या चकत्या चिकटवतात, प्रत्येकीत एकेक पदार्थ; दोन दिवस आंघोळ नाही, मग चकत्या काढतात, आणि आणखी दोन दिवसांनी पाठ पुन्हा बघतात. सोन्याची चकती स्वच्छ होती. निकेलची स्वच्छ. एकाच चौकोनात कातडी पेटली होती.

"हा शब्द मी नीट वाचतेय ना?" बाईंनी कागद अब्बांपुढे धरला आणि बोट ठेवलं. "ओकमॉस. तुमच्या हिरव्यात हे आहे का?"

"आहे," अब्बा म्हणाले. क्षणाचाही वेळ घेतला नाही.

"त्यामुळे असं होतं, हे तुम्हाला माहीत होतं?"

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "माहीत होतं, बाई. चूक माझी आहे. दुकान माझं आहे."

मला ते ऐकवेना. मी म्हटलं, "त्यांना मी सांगितलं होतं, बाई. पावसाळ्यात. म्हणजे मला आधी कळलं. आणि दिवाळीनंतर तुम्ही आलात, मला विचारलंत, तेव्हाही मला माहीत होतं."

अब्बांनी तेव्हा माझ्याकडे पाहिलं. दिवाळीनंतरचं त्यांना ठाऊक नव्हतं.

बाहेर एक हातगाडी अडकली होती आणि मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

"म्हणजे वांगं मी उगाच सोडलं," त्या शेवटी म्हणाल्या.

मला हसू आलं नाही, त्यांनाही आलं नसावं. मग त्यांनी दोन्ही हात काउंटरवर ठेवले. मनगटांत नव्या पाटल्या होत्या, चट्ट्यांच्या वर सरकवून घातलेल्या.

"ही माळ होती," त्या म्हणाल्या. "माझ्या आईची. तिच्या लग्नातली. सोनाराने माझ्यासमोर आटवली. मणी एकेक करून मुशीत पडताना मी बघत उभी होते, आणि मनात म्हणत होते, बरं झालं, पीडा गेली."

अब्बा म्हणाले, "बाई..."

"तुम्ही काही बोलू नका," बाई त्यांना म्हणाल्या, रागाने नव्हे. मग माझ्याकडे वळल्या. "तुला मी विचारलं होतं. मला चुकीचं उत्तर चाललं असतं. माहीत नाही म्हणाली असतीस तरी चाललं असतं."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि गेल्या.

त्या दिवशी अब्बांनी दुपारीच दुकान बंद केलं. हिरव्या अत्तराचा मोठा बुधला उचलून आत नेला आणि मोरीच्या कडेला ठेवला. ओतायला मात्र त्यांचा हात होईना. शेवटी मीच ओतला. दोन दिवस त्या गल्लीला वास येत होता, आणि येणारा-जाणारा विचारत होता, काय सांडलं हो, फार छान आहे.

आम्ही रिक्षाने घरी निघालो. खडकीच्या पुलापाशी रिक्षा थांबली तेव्हा अब्बा म्हणाले, "मला वाटलं, तू माझ्यासाठी गप्प आहेस. मी त्यातच खूश होतो." थोडं थांबून म्हणाले, "तू मला वाचवत होतीस, की स्वतःला?"

त्याचं उत्तर मी आजही त्यांना दिलेलं नाही.

पुढच्या महिनाभरात, ज्यांचे फोन नंबर होते त्या सगळ्या गिऱ्हाइकांना आम्ही कळवलं. बहुतेकांनी हसून सोडून दिलं, काही म्हणाले, आम्हाला काही होत नाही, तुम्ही द्या. एका बाईच्या काखेत पुरळ होतं, एका गृहस्थांच्या कानामागे. तेवढेच आम्हाला कळले. न कळलेले किती, ते सांगता येत नाही. कारखान्यातून मी ते दोन घटक काढलेलं ओकमॉस आणून दिलं, अब्बांनी अगदी थोडं घालून पाहिलं. मग दगडफुलाचा अर्क मनात आला, पण तेही त्याच भावकीतलं म्हणून सोडून दिलं. तसा वास काही जमला नाही. मला वाटतं, त्यांनी जमवलाही नाही. आता नवं गिऱ्हाईक आलं की ते आधी विचारतात, कातडीला कसला त्रास होतो का, आणि हातरुमालावर लावा म्हणून सांगतात. लोकांना ही कटकट वाटते. धंदा पहिल्यासारखा नाही.

बाईंकडे मी दोन महिने गेले नाही. मग एका रविवारी गेले. आदल्या दिवसापासून अंगाला बिनवासाचा साबण लावला होता, कपडे नुसत्या पाण्यात खळबळून काढले होते, दुकानात पाऊल टाकलं नव्हतं. नारायण पेठेतल्या त्यांच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर जाऊन बेल वाजवली. बाईंनी दार उघडलं. मान बरीच निवळली होती, पण काळे डाग राहिले होते. ते जायला वर्ष तरी लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते म्हणे.

मी पाठ करून आलेली माफी सुरू केली. दोन वाक्यं झाल्यावर त्यांनी हात वर केला.

"हे सगळं तू म्हणालीस तर तुला बरं वाटेल," त्या म्हणाल्या. "मला त्याने काही होणार नाही. बस. चहा घेतेस?"

चहा झाला. मुलाबद्दल थोडं बोलल्या, खालच्या मजल्यावर पाणी येत नाही त्याबद्दल बोलल्या. माझ्या मनात होतं, की त्या कधीतरी म्हणतील, जाऊ दे, झालं ते झालं. तसं काही त्या म्हणाल्या नाहीत. मी उठायला लागले तेव्हा म्हणाल्या, "थांब." न्हाणीघरात गेल्या आणि एक प्लास्टिकची बादली घेऊन आल्या. त्यात साबणाच्या वड्या, शाम्पू, भांड्यांचं लिक्विड, पावडरचा डबा, वासाचं खोबरेल, जे घरात होतं ते सगळं.

"बारीक अक्षर मला दिसत नाही," त्या म्हणाल्या. "आणि कळतही नाही. तू वाच. नको ते असेल तर सांग."

मी जमिनीवर बसले आणि एकेक वाचायला लागले. पहिली वडी ठीक होती. पावडरच्या डब्यावर घटक नीट दिले होते, त्यात ओकमॉस नव्हतं. शाम्पूच्या बाटलीवर यादीच्या शेवटी नुसतं 'परफ्यूम' एवढंच लिहिलेलं. मी ती उलटसुलट करून पाहिली.

"यात वास कशाचा आहे ते लिहिलेलं नाही, बाई," मी म्हटलं. "मला माहीत नाही."

बाईंनी माझ्या हातातून बाटली घेतली, दाराजवळच्या कोपऱ्यात वेगळी ठेवली, आणि बादलीतली पुढची वस्तू माझ्या हातात दिली.